फ्रिजमागची भिंत

फ्रिज हलवला तेव्हा दिसलं
तीस वर्षं तो कुणाला पाठ लावून उभा होता.
कमानीच्या आकाराची ओल.
दर दिवाळीला तिच्यावर रंग, दर आषाढात ती वर,
चहाच्या डागासारखी, कडेला मीठ फुललेली.

दस्तगीर गवंड्यानं बोटाच्या पेरानं भिंत वाजवली,
वॉर्डात डॉक्टर छाती वाजवायचे तशी,
आणि मी सवयीनं शेजारी उभी,
हातात ट्रे नसताना.
"दम कोंडलाय हिचा," तो म्हणाला. "खालनं बंद, वरनं बंद.
पानी जानार कुटं? तुमच्या खोलीत येनार की."

मिशन कंपाउंडातलं घर. ज्यांनी बांधलं त्यांना
कोल्हापूरची थंडी कुणी सांगितली होती कोण जाणे.
आमचा पंधरा दिवसांचा स्वेटर, तोही सकाळी दहापर्यंत.
आणि हिला नाव तरी काय द्यावं?
चूल म्हणावी तर भाकरी नाही,
शेकोटी म्हणावी तर वर आभाळ नाही.

बुजवली का, याची उत्तरं दारागणिक वेगळी.
चोपडेबाई म्हणतात, साप उतरला होता.
पास्टर हिवाळे म्हणायचे, चोर उतरतील म्हणून.
शांतवन म्हणायचा, "मग फ्रिज कुठं ठेवणार?"
त्याला जाऊन फेब्रुवारीत दोन वर्षं होतील.
फ्रिज अजून चालतो. रात्री कण्हतो थोडा.

दस्तगीरचा भाचा कौलांवर चढला.
धुराड्याच्या तोंडावर शहाबादी फरशी,
तांब्यावर फुलपात्र ठेवावं तशी.
त्यानं ती सरकवली
आणि आत काहीतरी बराच वेळ घरंगळत राहिलं.
पारव्यांच्या काड्या, बॅडमिंटनचं एक फूल,
आणि काजळी, काजळी,
सिमेंटच्या सात पोत्यांत भरली तरी उरलीच.

पहिल्या विटेला तास लागला.
बाकीच्या, कुणी बोलवायचीच वाट बघत असल्यासारख्या
हातात आल्या.
"कच्चं काम," दस्तगीर म्हणाला, "लई घाईतलं."
मग गप्प झाला. बॅटरी माझ्याकडे दिली.

आत लाकडं रचलेली होती.
खाली कागदाचे बोळे, वर काटक्या,
त्यावर तीन ओंडके, एकमेकांना टेकून.
पेटवलेली नव्हती.
समोर एक काडी, टोक जळलेली.

म्हणजे कुणीतरी इथं उकिडवं बसलं होतं.
काडी ओढली होती.
आणि मग कुणी हाक मारली, की तार आली,
की नुसतंच, राहू दे, म्हणून उठलं,
कुणाला विचारू?
दुसऱ्या दिवशी विटा आल्या असतील.

मी म्हटलं, हेच पेटवू.
बोट लावलं तर ओंडका भुगा होऊन बसला.
वाळवीनं आकार तेवढा ठेवला होता.

तशीच रचली मग. तीन ओंडके, बाभळीचे,
जोतिबा रोडच्या वखारीतनं आणलेले.
धूर आधी घरातच आला,
जायची वाट विसरल्यासारखा पडद्यांत शिरला.
चोपडेबाई बादली घेऊन धावत आल्या.
दस्तगीरनं कालच्या पेपरची सुरळी पेटवली,
हात आत घालून वर धरली.
"आधी गळा तापवायचा, बाई. गानं मग."

आणि वर कुठंतरी, खूप वर,
हं, असं झालं.
धूर एकदम वळला.
घरातली हवा माझ्या पायांवरून सरकत
तिकडे निघाली, साडीची कड हलली.

भिंत सुकली का, ते जूनमध्ये कळेल.
दस्तगीरचे अकराशे द्यायचे आहेत अजून.
फ्रिज व्हरांड्यात, त्यावर बिल,
बिलावर ती काडी.
वाऱ्यानं जाऊ नये म्हणून वर वाटी पालथी घातली,
पण बिलाची नाही तेवढी काळजी.